भरवशाच्या रांगेतला ट्रेलर

त्रेपन्न फूट लांबीचा, अठरा वर्षांचा आणि आता जागेवरून न हलणारा असा मी एक जुना ट्रेलर आहे, मित्रांनो. माझी चाके केव्हाच काढून नेली. पुढचे दोन पाय जमिनीत बोटभर रुतले आहेत. पोटात माल नाही, फाटके टायर आहेत. देशाच्या सीमेवरच्या हुआरेस शहरातल्या एका वाहतूक कंपनीच्या यार्डात, फाटकाजवळच्या कुंपणाला टेकून मी उभा आहे. इथून मला नदीवरचा पूल दिसत नाही, पण पुलाकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग दिसते. कोणे एके काळी त्या रांगेत मी सगळ्यांच्या पुढे असायचो.

माझा जन्म पलीकडच्या देशात, उत्तरेकडच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. मी ट्रक नव्हे, हे आधीच सांगतो. ट्रकला इंजिन असते. मला काहीच नसते. मी म्हणजे चाकांवरची एक लांबलचक खोली. कोणी ओढले तर जायचे, सोडले तर थांबायचे. पांढऱ्या पत्र्याच्या भिंती, लाकडी फळ्यांची जमीन आणि मागे दोन उभे दरवाजे. त्या दरवाजांच्या कडीत सील अडकवले की मी बंद झालो. मग वाटेत मला उघडायचा हक्क कोणालाच नाही.

पहिली तीन वर्षे मी साध्या रांगेत काढली. ते दिवस आठवले की अजूनही पत्रा तापतो. आम्ही मोटारींच्या वायरींचे जुडगे न्यायचो. अलीकडच्या कारखान्यात ते बनत आणि पलीकडच्या कारखान्यात गाड्यांत बसत. मध्ये फक्त एक नदी, तीही बहुतेक वेळा कोरडी. पण ती ओलांडायला कधी चार तास लागत, कधी सात. पुढचा ट्रक हातभर सरकला की आम्ही हातभर सरकायचो. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोके ठेवून डुलक्या काढत.

मग आमच्या कंपनीने तो दाखला मिळवला. भरवशाच्या व्यापाऱ्यांना पलीकडचे जकात खाते तो देते. त्यांचे म्हणणे सरळ होते. तुम्ही तुमचा माल, तुमच्या गाड्या, तुमची माणसे आधीच नीट तपासून पाठवा, आम्ही तुम्हाला वेगळ्या रांगेतून लवकर सोडू. दाखला मिळवायला वर्ष लागले. यार्डाभोवती उंच कुंपण आले. प्रत्येक ड्रायव्हरची चौकशी झाली. कारखान्यातून निघालेल्या गाडीने वाटेत थांबायचे नाही, असा नियम झाला. आणि प्रत्येक गाडीच्या सतरा जागा तपासून, सतरा चौकोनांत खुणा करून, खाली सही करायची असे ठरले.

ती सही करायला फाटकावर ओबदूलिया आली.

ओबदूलिया तेर्रासास तेव्हा चाळिशीची होती. बुटकी, रुंद खांद्यांची, डोक्यावर पुरुषी टोपी. तिच्याकडे टेप होता, लांब काठीला बांधलेला आरसा होता आणि एक लहान हातोडी होती. ती मला आतून मोजायची, बाहेरून मोजायची. आतली लांबी कमी भरली तर मध्ये खोटी भिंत आहे, हे तिला कळले असते. ती माझ्या भिंतींवर हातोडी मारत चालायची आणि कान देऊन ऐकायची. सरळ सांगतो, पहिल्या दिवशी मला राग आला होता. चोर असल्यासारखे मला का ठोकते ही बाई? पण ती ठोकून झाल्यावर तळहाताने पत्रा पुसायची. हळूहळू मला त्या ठोकण्याची सवय झाली. तिची सही झाली की मी ताठ मानेने पुलावर जायचो. साध्या रांगेतले ट्रक आमच्याकडे बघत राहायचे आणि आम्ही चाळीस मिनिटांत पलीकडे.

मला ओढायचा तो फिदेन्सिओ बाएसा. उंच, काटकुळा, जाड मिशांचा माणूस. बोलणे कमी, पण बोलला की टोमणाच. त्याच्या मुलीच्या, नोएमीच्या, बाप्तिस्म्याला ओबदूलियाने तिला हातांवर घेतले होते. म्हणून ती दोघे एकमेकांना कोमाद्रे आणि कोम्पाद्रे म्हणत. रक्ताचे नाते नव्हे, पण आमच्याकडे ते रक्ताइतकेच धरतात.

"कोमाद्रे, बास करा की ठोकणं. पोचे पडतील बिचाऱ्याला," तो खिडकीतून ओरडायचा.

"पोचे तुमच्या डोक्याला पडलेत, कोम्पाद्रे. उतरा खाली आणि टायर दाखवा," ती म्हणायची.

रोज तेच. मी हसू शकलो असतो तर हसलो असतो. बारा वर्षांत आमच्यावर एकदाही बोट उठले नाही. दाखल्याची मुदत संपली की पलीकडची माणसे येत, मला बघत, मान हलवत. कंपनीच्या एका माहितीपत्रकावर माझा फोटोही छापला होता. पण बारा वर्षांत माझ्या फळ्या झिजल्या, दरवाजाचे रबर फाटले आणि ओबदूलियाचे गुडघे गेले. खाली वाकून आरसा सरकवताना ती आधी माझ्या चाकाला धरायची, मग वाकायची.

आता त्या जूनच्या दिवसाचे सांगतो.

सकाळी कारखान्यात माझ्यात माल भरला, दरवाजे लावले, सील ठोकले. फिदेन्सिओने सीलचा नंबर दोनदा वाचला. यार्डाकडे येताना माझ्या मागच्या डाव्या टायरात खिळा घुसला. गाडी डुगडुगू लागली. थांबायचा नियम नव्हता, पण तसेच पुढे गेलो असतो तर टायरच्या चिंध्या झाल्या असत्या. त्याने कचेरीत फोन लावला. मी ऐकत होतो.

"थांबू का? की कोणाला पाठवताय इथे?"

पलीकडून उत्तर आले, "पाठवायला कोण आहे? टायर बदला आणि या लवकर. दोनच्या आत माल पलीकडे पोचला पाहिजे."

"नोंद करा हं मी थांबलोय त्याची."

"करतो, करतो."

त्या करतो-करतोने पुढे काय केले ते तुम्हाला कळेलच.

टायरच्या दुकानाचा मालक गोड बोलणारा होता. त्याने फिदेन्सिओला टायर निवडायला आत नेले. एकामागून एक टायर दाखवले, मग कागद, मग थंड पाणी. तेवढ्यात दोन माणसे माझ्या मागे आली. त्यांनी सीलला हातही लावला नाही. ज्या पट्टीत कडी बसते, तिचे रिव्हेट त्यांनी ड्रिलने काढले. कडी सीलसकट बाजूला झाली आणि दार उघडले. त्यांनी वरच्या खोक्यांच्या मागे चिकटपट्टीत गुंडाळलेली अमली पदार्थांची तीन पुडकी सारली, दार लावले, नवे रिव्हेट ठोकले आणि वर पांढरा रंग फिरवला. सगळे वीस मिनिटांत. मित्रांनो, मला सगळे कळत होते. ड्रिलची धार माझ्या पत्र्यातून जात होती. पण मला तोंड नाही. मला आयुष्यात इतके मुके कधीच वाटले नव्हते.

यार्डाच्या फाटकावर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन असे की डांबर बुटाला चिकटत होते. आमच्या पुढे आठ ट्रक. ओबदूलियाच्या जोडीची बाई आजारी होती, तिच्या जागी कोणाला दिले नव्हते. ओबदूलिया तीन आठवडे एकटीच फाटक सांभाळत होती. तिच्या कमरेच्या रेडिओतून उर्कीदीसाहेबांचा आवाज येत होता. उर्कीदी म्हणजे आमच्या यार्डाचे व्यवस्थापक. माणूस दुष्ट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरला की ओरडायचा.

"तेर्रासासबाई, काय चाललंय? आपलीच माणसं आहेत ना ती? सोडा!"

आमची पाळी आली. ओबदूलिया खिडकीशी आली. तिचा चेहरा भाजलेल्या मिरचीसारखा झाला होता. तिने वर पाहिले.

"तुम्हीच ना? बरं झालं. सीलचा नंबर सांगा, कोम्पाद्रे, माझ्यात आता मागे जायचं त्राण नाही."

फिदेन्सिओने नंबर सांगितला. तिने तो लिहिला आणि चालायला न लागताच चौकोनांत खुणा करायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पेन सही करायच्या जागेकडे निघाले होते.

"अहो, थांबा," फिदेन्सिओ म्हणाला. "वाटेत टायर बदललाय. चाळीस मिनिटं उभा होतो. चक्कर मारल्याशिवाय सही करू नका."

"या उन्हात? माझ्या गुडघ्यांवर काही दया?"

"गुडघ्यांना तेल लावू संध्याकाळी. आज माझं तोंड बघून सही कराल, उद्या आणखी कोणाचं बघाल. जा, मारा चक्कर."

"माणूस आहात की शिक्षा?" असे पुटपुटत ती निघाली. पण निघाली.

तिने टायर पाहिले. आरसा खाली सरकवला. मागे येऊन सील पाहिले, नंबर जुळवला, ओढले, पिळून पाहिले. सील शाबूत होते. कोणीही इथे थांबले असते. पण तिचा अंगठा सवयीने पट्टीवरून फिरला आणि एका रिव्हेटवर थांबला. तिने अंगठा उचलून डोळ्यांसमोर धरला. त्याला पांढरा रंग लागला होता.

ती किती वेळ अंगठ्याकडे बघत होती, मला सांगता येणार नाही. रेडिओ ओरडत होता. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. तिने अंगठा पँटला पुसला असता तर कोणाला काही कळले नसते. तिच्या मनात ते आले होते, हे तिने स्वतःच पुढे कबूल केले.

फिदेन्सिओ उतरून मागे आला. "काय झालं?"

तिने अंगठा दाखवला. त्याने पट्टीकडे पाहिले. सगळे त्याच्या लक्षात आले. 

"लिहा," तो म्हणाला.

"कोम्पाद्रे, लिहिलं तर ते पहिले तुम्हालाच धरतील."

"माहीत आहे मला. लिहा. वेळही टाका."

ओबदूलियाने कागद माझ्या दारावर टेकवला. शेवटी शेऱ्यासाठी एकच ओळ होती. तिने लिहिले, 'रिव्हेटवरचा रंग ओला. दार उघडू नये.' तेवढ्यात ओळ भरली. चक्कर मारायला कोणी लावले, हे लिहायला कागदावर जागा नव्हती.

पोलीस आले. दार उघडले, पुडकी निघाली. फिदेन्सिओला हात मागे बांधून नेले. जाताना तो मागे वळून म्हणाला, "नोएमीला शाळेतून आणा तेवढी." ओबदूलियाने मान हलवली. त्या दिवशी तिने उरलेल्या प्रत्येक ट्रकच्या सतराही जागा तपासल्या. संध्याकाळपर्यंत ती लंगडत होती.

चार दिवसांनी फिदेन्सिओ सुटला. टायरच्या दुकानासमोर मक्याच्या पोळ्यांची गिरणी होती आणि तिच्या दारावरच्या कॅमेऱ्यात ती दोन माणसे स्पष्ट दिसली. पण तोवर पलीकडच्या खात्याने आमचा दाखला थांबवला होता. आमचे सगळे ट्रक पुन्हा साध्या रांगेत गेले. कारखाने कुरकुरू लागले. काही माल दुसऱ्या कंपन्यांकडे गेला. जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हर माझ्या सावलीत बसून बुरितो खायचे आणि नोकऱ्या राहतात की जातात यावर बोलायचे. मला पोलिसांनी महिनाभर ठेवून परत पाठवले, पण ज्या ट्रेलरचे दार एकदा असे उघडले गेले, तो पुन्हा भरवशाच्या रांगेत घ्यायचा नाही, असे कंपनीने ठरवले. मला इथे, फाटकाजवळच्या चौकीला लागून उभे केले. म्हणूनच पुढचे सगळे मी ऐकू शकलो.

उर्कीदीसाहेब एक अहवाल घेऊन चौकीत आले. दाखला परत हवा असेल तर काय घडले ते लिहून द्यायचे होते. त्यांनी लिहिले होते की ड्रायव्हर परवानगीशिवाय थांबला आणि पहारेकरी बाईने दक्षतेने गुन्हा पकडला.

ओबदूलियाने तो सगळा वाचला. "साहेब, तो परवानगीशिवाय नाही थांबला. कचेरीत फोन केला होता त्यानं."

"कचेरीत तशी नोंद नाही."

"नोंद नाही म्हणजे फोन नाही असं कुठंय? आणि मी तर सहीच करत होते. त्यानंच मला—"

"बाई," उर्कीदी खालच्या आवाजात म्हणाले, "कचेरीची चूक दिसली तर दाखला कायमचा जाईल. चारशे माणसं आहेत इथे. तो तर सुटलाय ना? त्याचं आता काय बिघडणार आहे? करा सही."

ती फार दमलेली होती. दमलेल्या माणसाला 'काय बिघडणार आहे' हे पटकन खरे वाटते. तिने सही केली. आठवड्याभरात तिचा फोटो कचेरीच्या भिंतीवर लागला. खाली लिहिले होते, 'आमची दक्ष सहकारी.'

बिघडायचे ते बिघडले. परवानगीशिवाय थांबला, असा शेरा फिदेन्सिओच्या नावावर चढला. त्या शेऱ्याच्या माणसाला भरवशाच्या रांगेत गाडी नेता येत नाही. साध्या रांगेसाठीही त्याला कोणी घेईना. तो आपले सामान न्यायला आला, ते म्हणजे एक थर्मास आणि उशी. चौकीपाशी थांबला.

"तुम्ही सही केलीत?"

"केली."

"वाचून?"

ओबदूलियाने खाली पाहिले. "वाचून."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि गेला. त्याने टोमणा मारला असता तर बरे झाले असते. तिने त्या दिवशी डबा उघडला नाही.

पुढे कळले की तो पाण्याचा टँकर चालवतो. शहराच्या टोकाला, जिथे नळ पोचलेले नाहीत, त्या वस्त्यांत पाणी नेतो. मार्चमध्ये धुळीची वादळे सुरू झाली त्या सुमारास नोएमी पंधरा वर्षांची झाली. मुलगी पंधराची झाली की आमच्याकडे लग्नासारखा सोहळा करतात. बाप्तिस्म्याच्या आईचा त्यात मान असतो. ओबदूलियाला पत्रिका आली. पाकिटावर नोएमीचेच अक्षर होते. ओबदूलियाने जांभळा झगा शिवून घेतला. आणि त्या शनिवारी तो झगा पिशवीत ठेवून ती चौकीत कामाला आली.

"जात का नाही?" जोडीच्या बाईने विचारले.

"कोणत्या तोंडानं जाऊ?" ओबदूलिया म्हणाली. दिवसभर ती ट्रक तपासत राहिली. पण तिची हातोडी पडत होती आणि ती ऐकत नव्हती. मला ते कळत होते. शेजारच्या ट्रेलरवर पडणारा तो घाव नुसता घाव होता.

घटनेला दहा महिने झाले तेव्हा दाखला परत द्यायचा की नाही हे ठरवायला पलीकडच्या खात्याची बाई आली. तिचे नाव हॅलोरन. केस पांढरे, हातात साधी वही, आणि आमची भाषा ती अडखळत पण समजून बोलायची. कचेरीत उर्कीदींनी तिला चित्रे दाखवली, आकडे दाखवले. मग ती म्हणाली, "मला तो ट्रेलर बघायचाय. आणि ती बाई."

सगळे माझ्याकडे आले. कित्येक महिन्यांत माझ्याकडे इतकी माणसे आली नव्हती. उर्कीदींनी घाईघाईने माझ्या दारावरचे कबुतराचे घरटे काढायला लावले.

"दाखवा मला, कसं सापडलं ते," हॅलोरनबाई म्हणाली.

ओबदूलियाने माझ्याभोवती चक्कर मारली. वाकताना तिने पूर्वीसारखे माझे चाक धरायला हात पुढे केला, पण चाक नव्हते. तिने पत्र्याला हात टेकला. मागे येऊन तिने अंगठा पट्टीवर ठेवला. "इथे रंग ओला होता."

"एवढ्या उन्हात, मागे एवढी रांग. तुम्हाला मागे यावंसं का वाटलं?"

"प्रशिक्षण!" उर्कीदी मध्येच म्हणाले. "आमच्याकडे दर सहा महिन्यांनी—"

"नाही," ओबदूलिया म्हणाली. "मी सही करत होते."

 उर्कीदींनी हसायचा प्रयत्न केला. "बाई दमल्यात. ऊन लागलंय."

"दमलेय हे खरंच आहे, साहेब. त्या दिवशीही दमले होते, म्हणूनच जागेवर उभी राहून खुणा करत होते. चार चौकोन झाले होते माझे. ड्रायव्हर म्हणाला, थांबलो होतो वाटेत, चक्कर मारा. मी नाही म्हणत होते. त्यानं मला ढकललं म्हणा ना. आणि सापडल्यावर मी लिहायला कचरत होते, तेव्हाही तोच म्हणाला, लिहा. पोटात पाप असलेला माणूस असं सांगेल का हो?"

हॅलोरनबाईने वही उघडली. "अहवालात तर हे नाही."

"नाही. त्या अहवालावर माझी सही आहे, आणि ती खोटी आहे. त्यानं कचेरीत फोन केला होता. फोनची नोंद काढा, सापडेल. मला कामावरून काढायचं तर काढा. गुडघे तसेही गेलेत. पण हे वाक्य आधी लिहा. माझ्यासमोर लिहा."

"बाई, चारशे माणसांचं पोट आहे," उर्कीदी कळवळून म्हणाले.

"त्यातला एक तो होता, साहेब."

हॅलोरनबाईने लगेच लिहिले नाही. तिने फोनची नोंद मागवली. ती यायला दोन तास लागले. तोवर ती माझ्या सावलीत एका उलट्या बादलीवर बसून राहिली आणि ओबदूलिया फाटकावर परत गेली, कारण ट्रक थांबले होते. नोंद आली. अकरा जून, दहा वाजून सहा मिनिटे, ड्रायव्हरकडून कचेरीला फोन. मग तिने वहीत लिहिले.

दाखला लगेच मिळाला नाही. आणखी दोन महिने गेले. काही ड्रायव्हर ओबदूलियाशी बोलेनासे झाले. 'म्हातारीला आत्ताच देव आठवायचा होता!' असे एकाने तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. ती हातोडी घेऊन पुढच्या ट्रककडे वळली. तिचा फोटो भिंतीवरून उतरला आणि तिच्या हातात ताकीदपत्र पडले. पण अखेर दाखला आला. तोही काही अटींवर. फाटकावर कायम दोन माणसे, वाटेतल्या प्रत्येक फोनची नोंद, आणि तपासणीच्या कागदावर एक नवा रकाना, 'ड्रायव्हरने काय सांगितले.' उर्कीदींची बदली झाली. जाताना ते ओबदूलियाला म्हणाले, "तुम्ही बरोबर होता, बाई. मला फक्त भीती वाटली." ती म्हणाली, "मलाही वाटली होती, साहेब. मी पण सही केलीच की."

ऑगस्टमधल्या एका दुपारी फाटकापाशी पाण्याचा टँकर थांबला. फिदेन्सिओ उतरला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याच्या हातात कंपनीचे पत्र होते.

"चष्मा विसरलोय," तो ओबदूलियाला म्हणाला. "वाचून दाखवा."

चष्मा त्याच्या खिशात होता. मला दिसत होता, तिलाही दिसला असणार.  माझ्या मागच्या दाराला टेकून तिने वाचले. ड्रायव्हर फिदेन्सिओ बाएसा याने थांबण्याची सूचना वेळेवर दिली होती. गाडीची तपासणी त्याच्याच आग्रहाने झाली. त्याच्या नावावरचा शेरा रद्द करण्यात येत आहे. फिदेन्सिओने टोपी काढून हातात धरली होती. वाचून झाल्यावर तिने न सांगता पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"म्हणजे आता परत येणार तुम्ही?" तिने विचारले.

त्याने पुलाकडच्या रांगेकडे पाहिले. "नाही हो. थकलो मी त्या पुलाला. पाणी घेऊन गेलो की बायका हंडे, बादल्या घेऊन धावत येतात. तिथं मला कोणी तपासत नाही, शिव्या मात्र घालतात उशीर झाला की." मग जरा थांबून तो म्हणाला, "रविवारी जेवायला या. पोरगी विचारते, मी तिला काय सांगू?"

"येईन. गुडघ्यांना टॅक्सी लागेल पण."

"टँकर पाठवतो," तो म्हणाला. ती हसली. सव्वा वर्षात मी तिचे हसणे ऐकले नव्हते.

ओबदूलिया पुढच्या वर्षी निवृत्त झाली. तिच्या जागी आता दोन तरुण मुली आहेत. त्यांच्या हातात कागदाऐवजी पाटीसारखे यंत्र असते. चांगल्या आहेत. कधी कधी ट्रकच्या पुढेच उभ्या राहून त्या सतरा वेळा बोट टेकवतात. मी बघतो आणि गप्प राहतो. मी आधीच सांगितले आहे की मला तोंड नाही.

हे यार्ड आता शहराबाहेर हलणार आहे. मला तिकडे नेणार नाहीत. परवा एका माणसाने माझ्या अंगावर खडूने रेघा ओढल्या. त्या रेघांवरून मला कापतील, मग भंगारात घालतील. मला त्याचे दुःख नाही. अठरा वर्षे पुरेशी असतात. जुना पत्रा सांभाळा, असे मी तुम्हाला म्हणणार नाही.

माझे एवढेच मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कोणाच्या तरी हातात पेन येईल आणि समोर चौकोनांचा कागद. त्या दिवशी ऊन असेल, मागे रांग असेल, कोणीतरी ओरडत असेल. तुम्ही दमलेले असाल. दमलो म्हणायला लाजू नका, बसा, पाणी प्या. पण न बघता सही करू नका. आणि मित्रांनो, केलीच असेल, तर परत जा आणि ती स्वतःच्या हाताने खोडा. उशीर झाला असला तरी जा.